हिशेबातली १० मिनिटं

ताई, सप्रेम नमस्कार.
माझं वय ६७. निपाणीत तंबाखूच्या वखारीत जन्मभर हिशेब लिहिले. गाणं ऐकायची आवड आहे. नाट्यपदं, ख्याल, रेडिओवर सांगली आणि धारवाड दोन्ही लावतो. शिकलो मात्र काही नाही. मुलगा बेंगळुरूला नोकरीला आहे. तीन वर्षांपासून तो हौसेनं पियानो शिकतोय आणि सध्या शूबर्ट नावाच्या माणसाचा एक सोनाटा बसवतोय. त्यानं मला फोनवर त्याच सोनाट्याची पाच जणांची रेकॉर्डिंग्ज पाठवली: श्नाबेल, रिख्तर, ब्रेंडेल, उचिदा आणि शिफ. म्हणाला, "बाबा, नुसता पहिला भाग ऐका आणि कुठलं आवडलं ते सांगा." मी पाचही ऐकली, दोन-दोनदा. मला सगळी एकसारखीच वाटली. सवयीप्रमाणं वहीत वेळ तेवढी लिहिली. रिख्तर २४ मिनिटांच्या वर आणि ब्रेंडेल १५ च्या आसपास. वस्तू एकच असेल तर १० मिनिटं गेली कुठं? मुलाला मी सांगून टाकलं की रिख्तर आवडला. सगळ्यात लांब आहे म्हणजे भारीच असणार. आता तो विचारतोय, "का आवडला?" शिवाय तो म्हणतो की सुरुवातीलाच खालून एक गडगडाट येतो आणि तो प्रत्येकाचा वेगळा आहे. मला एकाचाही गडगडाट ऐकू आला नाही. कान गेले काय माझे? आणि मुलाला सांगू तरी काय? दिवाळीला तो घरी येतोय.
निपाणीचा एक वाचक

काका, नमस्कार.

आधी कानांचं बोलू, कारण बाकीचं दुखणं तिथूनच निघालंय. तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुम्ही कसं ऐकलंत ते मी सांगते. फोन टीपॉयवर, डोक्यावर पंखा, आणि दार उघडं. फोनला जो नखाएवढा स्पीकर असतो त्याला बातम्या झेपतात, बासरी झेपते, भांडण तर छानच झेपतं. पियानोच्या अगदी डाव्या टोकाचे सूर त्याच्या आवाक्यात नाहीत. मुलगा ज्याला गडगडाट म्हणतोय तो नेमका तिथला, आणि शूबर्टनं कागदावर त्याच्याखाली 'अतिशय हळू' अशी खूण केलीय. म्हणजे मुळात कुजबूज, ती असल्या यंत्रातून, वर पंख्याची घरघर. तुम्हाला तो ऐकू आला असता तरच मी म्हटलं असतं की डॉक्टरला दाखवा.

तर पहिलं काम म्हणजे मोबाइलच्या दुकानातून वायरचा हेडफोन आणा. कानाच्या भोकात खुपसायचा नको, कानावर बसणारा घ्या. महागाचा लागत नाही.

मग पंखा बंद करा, ब्रेंडेल लावा आणि फक्त पहिलं अर्धं मिनिट ऐका. २४ मिनिटं नकोत, १५ सुद्धा नकोत.

सुरुवातीला एक धून येते. फार साधी. शेजारशेजारच्या सुरांवर पावलं टाकत जाते, दोन्ही हात एकत्र, चार माणसांनी ओठ मिटून गुणगुणावं तशी. चालत चालत ती एका जागी टेकते. टेकते न टेकते तोच खूप खाली दोन शेजारचे सूर एकमेकांत भराभर घोळले जातात. याला ट्रिल म्हणतात. आपली मुरकी नव्हे. मुरकीत थोडा तरी नखरा असतो, याच्यात तो औषधालाही नाही. डग्ग्यावर तळहात दाबत न्यावा, घुमारा निघावा आणि तो पुरता बाहेर पडायच्या आत कातड्यावर हात ठेवून मिटवावा, तसं काहीसं. मग शांतता. मग तीच धून पुन्हा, जणू काही घडलंच नाही.

मी पहिल्यांदा हे कॅसेटवर ऐकलं तेव्हा बेळगावात टिळकवाडीत राहत होते. मला वाटलं, खानापूर रोडवरनं ट्रक गेला. खरंच सांगते. कॅसेट थांबवली, खिडकी लावली, परत मागे घेऊन लावली. ट्रक परत त्याच जागी गेला. तेव्हा कुठं कळलं की ट्रक कॅसेटमध्ये आहे. तुमचं घर हायवेच्या जवळ असेल तर तुमचीही हीच गत होणार, आधीच सांगून ठेवते.

आता तुम्ही ख्याल ऐकणारे, म्हणून एक गोष्ट तुम्हाला सांगते जी पियानोच्या पुस्तकात या शब्दांत सापडणार नाही. हा सोनाटा, म्हणजे एकट्या पियानोसाठी लिहिलेली काही भागांची लांब रचना, बी-फ्लॅट मेजरमधला आहे. म्हणजे बी-फ्लॅटला षड्ज मानलं तर सगळे सूर शुद्ध, बिलावल थाटाचे. ती चार माणसांची धून त्या शुद्ध सुरांतच चालते. आणि खाली मंद्रात जी घुमते ती चीज आहे कोमल धैवत. बिलावलाच्या सरळ घरात तळघरातून कोमल धैवत. एकदा हे कळलं की अंगावर जे काही यायचं ते येतं, त्याला पियानो शिकलेला असण्याची गरज नाही. आणि शूबर्टची कारागिरी बघा: अजून थोडं पुढं गेलं की तीच धून परत येते, पण या वेळी त्या कोमल धैवतालाच षड्ज मानून. तळघरातला पाहुणा वर येऊन माजघरात बसतो. षड्ज बदलला की चेहरा कसा बदलतो हे तुम्हाला मी काय सांगायचं.

तुम्हाला पाचही सारखी वाटली याचं एक कारण फोन झालं. दुसरं कारण तुमच्या सवयीत आहे, आणि ती सवय चांगली आहे, फक्त इथं तिची दिशा बदलावी लागते. आपण दोन गवयांचा यमन ऐकतो तेव्हा फरक शोधायला जावं लागत नाही. बंदिश वेगळी, बढत वेगळी, ताना वेगळ्या. एकानं पाऊण तास काय केलं ते दुसऱ्यानं केलेलंच नसतं. इथं उलटं आहे. पाचही जण तेच सूर, त्याच क्रमानं वाजवतात, कारण प्रत्येक सूर शूबर्टनं लिहून ठेवलाय. कुणी एक हरकत जास्त घेत नाही. मग उरतं काय? कुठला सूर किती जड, किती वेळ धरला, कुठं श्वास घेतला, शांतता किती लांब ठेवली. समेच्या आधी गवई जी अर्ध्या मात्रेची जागा सोडतो आणि आपण मांडीवर हात आपटायला उचलून धरतो, ती जागा तुम्हाला कळते ना? झालं तर. पियानोवाल्यांचा सगळा कारभार त्या जागेतच चालतो.

ही जागा पकडायची एक युक्ती आहे: गुणगुणा. पहिली धून पाठ होईपर्यंत ब्रेंडेलबरोबर गुणगुणा, मग लगेच रिख्तर लावा आणि त्याच्याबरोबर गुणगुणायला जा. वाक्य संपायच्या आत तुमचा दम संपेल. बघा की करून. तुमच्या वहीतला फरक तुमच्या छातीत आलेला असेल. आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेला शिवपुत्र कोमकलीमठ, पुढं जगानं ज्याला कुमार गंधर्व म्हटलं, लहानपणी बड्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गाऊन दाखवायचा. रेकॉर्डिंगची तुलना करण्याची याहून सरळ रीत मला माहीत नाही. आपल्याला हुबेहूब जमणार नाही, पण दम कुठं तुटतो ते कळायला काय हरकत आहे?

आता तुमची १० मिनिटं. हिशेबनिसाला उत्तर चोख दिलं पाहिजे.

कागदावर संगीत उभ्या रेघांनी खणांत पाडलेलं असतं, त्या खणांना बार म्हणतात. या पहिल्या भागात असे साडेतीनशेच्या आसपास बार आहेत. त्यातल्या पहिल्या तृतीयांशाच्या शेवटी शूबर्टनं खूण केलीय की मागं जा आणि सुरुवातीपासून परत वाजवा. रिख्तर परत वाजवतो. ब्रेंडेल वाजवत नाही, सरळ पुढं जातो. भजनाच्या पुस्तकात ध्रुवपद एकदाच छापतात आणि किती वेळा घोळायचं ते बुवा ठरवतात, तसलाच हा मामला, फक्त इथं 'परत म्हणा' असं कवीनंच लिहून ठेवलंय. रिख्तरच्या चालीनं त्या परतफेडीला सहा मिनिटांच्या आसपास लागतात. उरलेली चार मिनिटं त्याच्या संथपणाची. सहा अधिक चार, जमाखर्च मिटला.

पण परत वाजवायचं की नाही यावरून पियानोच्या जगात जी भांडणं झाली त्यांची मजा नुसत्या मिनिटांत दिसत नाही. मागं जाताना शूबर्टनं नऊ बारांचा एक जिना बांधलाय. परत वाजवलं तरच त्या जिन्यावरून जावं लागतं. नाही वाजवलं तर ते नऊ बार कुणालाच ऐकू येत नाहीत. आणि त्या नऊ बारांत तो कोमल धैवत, जो इतका वेळ तळघरात कुजबुजत होता, एकदाच, संपूर्ण भागात एकदाच, मोठ्यानं गरजतो. शूबर्टनं तिथं 'अतिशय मोठ्यानं' असं लिहिलंय. ब्रेंडेलचं म्हणणं की ते नऊ बार बाकीच्या रचनेशी मेळ खात नाहीत, सगळ्या भागाचा जो शांत सूर आहे तो ते मोडतात. त्यांनी हे नुसतं वाजवून दाखवलं नाही, लेखांतून हिरिरीनं मांडलं. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, अहो, लेखकानं लिहिलेले नऊ बार तुम्ही कोण गाळणार?

मी परत वाजवणाऱ्यांच्या बाजूची. कारण एकदा ती गर्जना ऐकली की लगेच मागं जाऊन तीच धून, तीच कुजबूज पुन्हा येते, आणि आता ती कुजबूज पहिल्यासारखी राहत नाही. घरातल्या कुणाला एकदा ओरडताना ऐकलं की नंतर त्याचं हळू बोलणंही वेगळं ऐकू येतं ना, तसं. तरीही मी घरात सगळ्यात जास्त वेळा लावते ते ब्रेंडेलच, यात विसंगती आहे, असू द्या. स्वयंपाकाच्या आधी २४ मिनिटं कुणाकडं असतात?

सहा मिनिटं मिटली, आता राहिलेल्या चार मिनिटांचं बोलू, कारण खरा घोळ तिथं आहे. तुम्ही मुलाला रिख्तर सांगितलंत ते लांब आहे म्हणून. ही आपल्या भागातली जुनी समजूत आहे. विलंबित म्हणजे खोल, द्रुत म्हणजे उथळ. किराणा घराण्याची चाल कानात बसलेल्या माणसांत ती जास्तच. शूबर्टनं या भागाच्या डोक्यावर लिहिलंय 'मोल्तो मोदेरातो'. म्हणजे फार मध्यम. मध्यम, विलंबित नव्हे. किती मध्यम याचा आकडा त्यानं दिला नाही. आता 'फार मध्यम' या शब्दाचा अर्थ लावा बघू. ब्रेंडेल म्हणतात, चालत राहा, घाई नको. रिख्तर म्हणतो, जवळजवळ उभे राहा. दोघांनाही तेवढ्या दोन शब्दांचा आधार आहे.

रिख्तरच्या संथपणाचा एक खरा किस्सा आहे. १९५७ साली कॅनडाचा ग्लेन गूल्ड मॉस्कोला गेला होता. तो स्वतः मोठा पियानिस्ट, आणि शूबर्टची ती पुनःपुन्हा तेच सांगण्याची सवय त्याला मुळीच सोसायची नाही. तिथं त्यानं रिख्तरला ऐकलं, आणि रिख्तरनं सुरुवातच केली ती या सोनाट्यानं, इतक्या संथ की गूल्डनं कुणाला एवढं संथ ऐकलंच नव्हतं. आणि पुढचा तासभर तो गुंगीत गेल्यासारखा बसून राहिला, असं त्यानं स्वतः नंतर सांगितलं. ज्याला शूबर्ट आवडत नव्हता त्याची ही कथा. आता माझी कथा ऐका. मी रिख्तर लावला होता, आमच्या शेजारच्या अक्का कन्नड, भिंतीला लागून घर, दारातनं डोकावून विचारतात, "इन्नू मुगीलिल्ल एन्री?" अजून संपलं नाही का हो? दोन्ही ऐकणारे खरे आहेत. तुम्ही गूल्डच्या बाजूचे की अक्कांच्या, ते हेडफोन लावल्यावर तुमचं तुम्हाला कळेल, आणि अक्कांच्या बाजूचे निघालात तर लाजायचं कारण नाही.

एक गोष्ट मात्र मुलानं सांगितली असेल तर विसरा, नसेल सांगितली तर कुणीतरी सांगेलच. ती अशी की हा शूबर्टचा शेवटचा सोनाटा, १८२८ च्या सप्टेंबरच्या अखेरीस लिहून झाला, १९ नोव्हेंबरला माणूस गेला, वय अवघं ३१, म्हणून यात मरणाची चाहूल आहे, तो गडगडाट म्हणजे यमदूत. तारखा खऱ्या आहेत. यमदूत आपण जोडलेला. त्याच नोव्हेंबरच्या सुरुवातीला हा माणूस काउंटरपॉइंटचे, म्हणजे दोन-तीन सुरावटी एकाच वेळी एकमेकींत गुंफायच्या विद्येचे, धडे घ्यायला सिमोन झेख्तर नावाच्या शिक्षकाकडं गेला होता. ज्याला आपण जाणार हे पक्कं कळलंय तो नव्या शिकवणीला कशाला जाईल? आजारी होता, ते खरं, बरीच वर्षं होता. पण काही वादक हा भाग पहिल्या सुरापासून अंत्ययात्रेसारखा वाजवतात तेव्हा मला राग येतो. छापून यायलाही या सोनाट्याला १८३९ उजाडलं. स्वतः शूबर्टला त्याचं छापील पान बघायला मिळालं नाही. वाईट वाटायचं तर याचं वाटू द्या.

राहिले तिघे. श्नाबेलचं रेकॉर्डिंग १९३९ चं आहे. तबकडीच्या एका बाजूला चार-साडेचार मिनिटं मावायची, तेव्हा वाजवायचं, थांबायचं, तबकडी बदलायची, परत तिथून सुरू करायचं. आपल्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्याच तबकडीच्या मापात अख्खा राग बसवून दाखवला. श्नाबेलला तशी मुभा नव्हती, त्याला लिहिलेलं तुकडे पाडूनच वाजवावं लागलं. ऐकताना मागं भजी तळल्यासारखा आवाज येईल, त्याला सराव लागतो. वेगाच्या जागी बोटं घसरण्याबद्दल श्नाबेल प्रसिद्धच आहे, आणि तरीही ज्यांची बोटं कधी घसरत नाहीत ते त्याचं नाव कानाला हात लावून घेतात. यावरून काय समजायचं ते समजा. मिट्सुको उचिदा जन्मानं जपानी, बाराव्या वर्षी व्हिएन्नाला गेली आणि त्याच गावात वाढली, ज्या गावचा शूबर्ट. दोन भाषांच्या मधे वाढलेल्या माणसाचा कान कसा होतो ते आपल्या भागात सांगायला नको. तिची खासियत हळू आवाजात आहे, म्हणजे फोनच्या स्पीकरवर तुम्ही तिला ऐकलंच नाहीत असं धरा.

शिफचं जरा थांबून सांगते, कारण तिथं तुमच्यासारख्या माणसाला गंमत वाटेल. आंद्राश शिफनं हे जुन्या पियानोवर वाजवलंय, १८२० च्या आसपास व्हिएन्नात ब्रोडमान नावाच्या कारागिरानं केलेल्या. आजच्या पियानोत लोखंडाची अख्खी चौकट असते, तारा प्रचंड ताणलेल्या असतात, म्हणून सूर एकदा वाजला की बराच वेळ तरंगत राहतो. जुन्याचा सांगाडा लाकडी, ताण कमी, हातोड्यांवर चामडं. सूर लवकर मावळतो. आता विचार करा: ज्याचा सूर लवकर मावळतो त्या वाद्यावर रिख्तरइतकं संथ वाजवायचं तर दोन सुरांच्या मधे भोकं पडतील. म्हणजे रिख्तरचा संथपणा नुसता त्याच्या स्वभावाचा नाही, त्याच्या पियानोतल्या लोखंडाचाही आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर आणि जवारीवर गवयाची चाल ठरते तसंच हे. आणि ती तळघरातली ट्रिल या जुन्या वाद्यावर ऐका. घुमत नाही, खरखरते. लाकडी जिन्याखालनं कुणीतरी ट्रंक सरकवावी तशी. हेडफोन लावून रिख्तरची आणि शिफची ट्रिल पाठोपाठ ऐकलीत, एवढंच, अर्धं-अर्धं मिनिट, तर 'सगळी सारखी' हे वाक्य तुम्ही परत लिहिणार नाही.

ऐकण्याचा क्रम विचाराल तर पंधरा दिवस एकटा ब्रेंडेल. दुसरं कुणी नाही. पाच-पाच एकदम ऐकणं म्हणजे लग्नाच्या मांडवात एका संध्याकाळी पाच स्थळं बघण्यासारखं. सगळ्यांनी सारखेच कपडे घातलेले असतात. एक घरचं झालं की दुसऱ्यातलं वेगळेपण आपोआप टोचतं. ब्रेंडेलच का, तर तो तुमच्या जातीचा आहे म्हणून. सोळाव्या वर्षानंतर त्यांना नियमित असा शिक्षकच नव्हता. दुसऱ्यांचं ऐकायचं आणि स्वतःचं वाजवलेलं टेपवर ऐकायचं, असं करत ते शिकले, आणि ९४ वर्षांचं आयुष्य काढून २०२५ च्या जूनमध्ये गेले. 'शिकलो मात्र काही नाही' असं तुम्ही पत्रात लिहिलंयत ना, म्हणून सांगितलं.

आता मुलाचं. काका, खरं सांगून टाका. "रिख्तर लांब होता म्हणून सांगितला, मला काही ऐकूच आलं नव्हतं, फोनच्या स्पीकरवर लावलं होतं." तो हसेल. हसू द्या. बापाला आवडलं नाही याचं पोरांना दुःख होत नसतं. बापानं उगीच आवडलं म्हटलं की मात्र त्यांना वास येतो, आणि तुमच्या मुलाला तो आलेला आहे, नाहीतर त्यानं 'का' विचारलं नसतं. पाच-पाच रेकॉर्डिंग्ज पाठवणारा मुलगा परीक्षा घेत नाहीये तुमची. बेंगळुरूत एकट्या खोलीत तो रात्री हे वाजवत असणार, बहुतेक तोही हेडफोन लावून, घरमालकाच्या धाकानं. त्याला बोलायला कुणीतरी पाहिजे.

दिवाळीपर्यंत थांबू नका. ब्रेंडेलचे पंधरा दिवस झाले की रिख्तर आणि शिफचं अर्धं-अर्धं मिनिट ऐका आणि रात्री जेवणं झाल्यावर त्याला फोन लावा. कोण आवडलं याबद्दल अवाक्षर काढू नका. एवढंच विचारा: "ती खालची ट्रिल तू कुठल्या बोटांनी वाजवतोस रे? आणि सुरू कशी करतोस ते राहू दे, थांबवतोस कशी?" डाव्या हाताची बोटं, तीही पार टोकाला, तीही इतक्या हळू आवाजात, म्हणजे शिकणाऱ्याला तिथं घाम फुटतो. मोठ्यानं वाजवणं सोपं, भराभर वाजवणंही एकवेळ जमतं, पण भराभर आणि हळू आणि शेवट कापल्यासारखा नको, विरल्यासारखा हवा, यात त्याचे महिने गेले असणार. तेवढा एक प्रश्न त्याला आजवर घरच्या कुणी विचारलेला नसेल.

फोन लावायच्या आधी चार्जर जवळ घेऊन बसा.